कानशिलाचा पंचनामा

३ मार्च, रविवार
दाढी करताना सलूनवाल्यानं उजव्या कानशिलावर वस्तरा लावला. रक्त. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक मी. माफी मागायची सोडून म्हणतो, साहेब, इथं आधीपासूनच काळी पुळी आहे, मागेही बोललो होतो, डॉक्टरला दाखवा. चोराच्या उलट्या बोंबा. याची आता बिनपाण्यानं करायची.

४ मार्च
बदला थंड डोक्यानं घ्यायचा असं ठरवलं. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात बावीस वर्षं गेली माझी. ओरखडा बघून सांगतो, जुना की नवा, कोण कोणाला घासलं. आज स्वतःच्या कानशिलाची फाइल उघडली. विरुद्ध पक्ष: सलूनवाला. शेजारी पट्टी धरून फोटो क्र. १ काढला. पाच मिलिमीटर.
ही म्हणाली, मलम लावा. अजिबात नाही. सर्व्हे पुरा होईपर्यंत दुरुस्ती करायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पुरावा पुसून दावा कोण लढवतो?

२४ मार्च
खपली धरते, पडते, पुन्हा रक्त. तीन आठवडे झाले, भरायचं नाव नाही. उत्तम. नुकसान जितकं वाढेल तितका तो गाळात जाईल.

२ एप्रिल, रात्री
सलूनवाल्याला इंटरनेटवर एक स्टार देऊन त्याचं नाक कापायचं होतं. चष्मा नव्हता. पाच गेले. बदलायला जमेना. संध्याकाळी त्याचा मेसेज: आभारी आहे साहेब, डॉक्टरला दाखवलंत का? ब्लॉक केला.

२१ एप्रिल
केस फार वाढले. पलीकडच्या चौकातल्या सलूनमध्ये गेलो. तोही विचारतो, हे काय आहे, भरत का नाही? दोघांचं संगनमत असणार. फाइलमध्ये नोंद घेतली.

११ मे
फोटो क्र. ११. आठ मिलिमीटर. कडा उचललेल्या, मोत्यासारख्या चकाकतात, मध्ये खड्डा, आत काळे ठिपके. वर्णन इतकं झकास जमलं की हिला वाचून दाखवलं. ही भाजी चिरायची थांबली. म्हणाली, अजून किती दिवस चालणार आहे हे तुमचं? हिला कागदपत्रांची कदरच नाही.

३ जून
दाव्याला वजन यावं म्हणून डॉक्टरांचा दाखला हवा. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, ही बरोबर. म्हटलं, फक्त एवढंच लिहून द्या की वस्तऱ्यानं झालं. बाईंनी भिंग लावून पाहिलं. फोटो पाहिले. म्हणाल्या, इतकी शिस्तशीर नोंद ठेवणारा पेशंट मी पाहिला नाही. छाती फुगली. मग विचारलं, मार्चच्या आधीचा एखादा फोटो आहे का? हिनं लगेच मोबाइल काढला. मागच्या वर्षीचा मी, ठोकलेल्या गाड्यांच्या यार्डात, उन्हात, उघड्या डोक्यानं. कानशिलावर मसुरीएवढा काळा डाग. स्पष्ट. घरभेदीपणा म्हणतात तो हाच.
म्हणजे जुनं नुकसान. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर दोन मिनिटांत फेटाळला असता.
बाई म्हणाल्या, वस्तऱ्यानं असं होत नाही. महिनाभर न भरणारी जखम दाखवायचीच असते. तुकडा काढून तपासायला पाठवला.

१२ जून
रिपोर्ट आला. बेसल सेल कॅन्सर. बाई म्हणाल्या, कातडीच्या कॅन्सरमध्ये हा नेहमी आढळणारा. सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण ठेवला तर जागच्या जागी पोखरत जातो, आणि कान जवळ आहे. भोवतीच्या थोड्या चांगल्या कातडीसकट कापून काढायचा. विचारलं, तीन महिने का थांबलात? म्हटलं, सर्व्हे चालू होता. त्या हसल्या नाहीत.
फार भीती वाटतेय. हिला सांगितलं नाही. हिला कळलंय.

१४ जून
नवा विरुद्ध पक्ष ठरवला: सूर्य. बावीस वर्षं भर दुपारी यार्डात तापवलं त्यानं मला. सोडणार नाही. ही म्हणाली, दर उन्हाळ्यात टोपी कोण आणत होतं? त्या टोप्यांनी मी नंबरप्लेटी पुसल्या. हा मुद्दा फाइलमध्ये घेतला नाही.

२२ जून
ऑपरेशन झालं. जागा तेवढी बधिर केली. मी जागाच होतो, म्हणून बाईंना दोन सूचना केल्या. त्यांनी गप्प राहायला सांगितलं. नऊ टाके. मार्चमध्ये आला असतात तर चारात भागलं असतं, म्हणाल्या. हे हिच्यासमोर बोलायची काही गरज नव्हती.

६ जुलै
काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या. म्हणजे सगळा निघाला. ही दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मीही थोडा.
आता दर सहा महिन्यांनी दाखवायचं. उन्हात टोपी. शिवाय टाळू, मान, कानामागची जागा आपली आपल्याला दिसत नाही, ती महिन्यातून एकदा चांगल्या नजरेच्या माणसाकडून बघून घ्यायची. बाईंनी विचारलं, आहे का असं कोणी? मी म्हटलं, नाही. ही म्हणाली, आहे.

७ जुलै, रविवार
आपल्या जुन्याच सलूनमध्ये गेलो. पुढे तिघं होते. थांबलो. मनात भाषण तयार होतं: चूक दोघांचीही थोडी थोडी झाली. खुर्चीत बसलो. त्यानं वण पाहिला, गळ्याभोवती कापड बांधलं. मी घसा साफ करून सुरुवात केली. तो म्हणाला, साहेब, आधी मान खाली घाला.
घातली.