तेच विमान पुन्हा उडालं

प्रिय ठमे,

काल आपलं विमान पुन्हा उडालं. 'आपलं' म्हणायची सवय जात नाही, रागावू नकोस. सात वर्षं ते मोडून हँगरच्या मागे पडलं होतं. मग नव्या मालकाने उभं करायला घेतलं आणि मला बोलावलं. युद्धात लढलेल्या विमानाचे सुटे भाग आता कुठे मिळणार? पत्रा हाताने ठोकून आकाराला आणायचा, हजारो रिव्हेट एकेक करून बसवायचे. चार वर्षं त्यातच गेली. गुडघे कामातून गेले, कान आधीच गेले होते. तुझी आई म्हणते, माझ्यापेक्षा त्या पत्र्याशीच जास्त बोलता.

मैदानावर ही गर्दी! विमान डोक्यावरून वळलं तेव्हा सगळे वर बघत होते आणि मी खाली. भोंग्यावरून निवेदक सांगत होता, अकरा वर्षांपूर्वी वैमानिकाच्या चुकीने पडलेलं हेच ते विमान. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मिजास दाखवायला गेला असणार."

जावईबुवा तसे नव्हते गं. उड्डाणाआधी विमानाभोवती दोनदा फिरायचे, एकेक झाकण दाबून बघायचे. मी चेष्टा करायचो, "सासऱ्यावर विश्वास नाही वाटतं?" तर हसून म्हणायचे, "तुमच्यावर आहे, बाबा. विमानावर नाही." ते गेले त्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं, इंधनाची नळी बदलली का. मी "हो" म्हणालो.

बदलली नव्हती. नवी आलीच नव्हती, आणि जुनी एवढा एक दिवस काढेल असं मला वाटलं. चौकशीवाल्यांना काही सापडलं नाही. वैमानिकाने वळण फार खाली घेतलं, असं लिहून ते मोकळे झाले. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पुढे मीही स्वतःला समजावत राहिलो, की चूक त्यांचीच असेल. गेल्या वर्षी इंजिन सोडवलं आणि ती नळी हातात आली. उभी चिरलेली.

तू त्यांचे फोटो माळ्यावर टाकलेस. नातीला सांगितलंस, तुझ्या बापाला आपल्यापेक्षा टाळ्या प्याऱ्या होत्या. मी समोर बसून चहा पीत होतो.

नळी घेऊन मी चौकशीच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, फाइल केव्हाच बंद झाली. मालक म्हणाला, सगळीकडचे कार्यक्रम ठरलेत, आता कशाला उकरून काढता? म्हणजे विमान गावोगाव उडणार आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचीच चूक सांगितली जाणार. ते आता माझ्याच्याने थांबत नाही.

माफी मागायला मला तोंड नाही. हे पत्र फक्त नातीसाठी लिहिलंय. मला तिच्यासमोर बोलवेना. तिला वाचायला दे. तिचा बाप फार सावध माणूस होता, फक्त त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. यानंतर तुम्ही दोघी आमच्याकडे आला नाहीत, तर तुझ्या आईला कारण मीच सांगेन.

तुझाच,
बाबा