यंत्रातली आजी

अहो,

नमस्कार. मी मीरा रोडला आपल्या लेकाकडे, नीरजकडे आलेय, हे लक्षात आहे ना? नाहीतर ओटीवर बसून मलाच चहा मागत असाल. मी सांगतेय आणि आपली नात कृतिका लिहितेय.

माझं बरं आहे. गुरुवारी पोटातली गाठ काढणार. डॉक्टर पोरगेला आहे, पण हात थरथरत नाही, ते मी पाहून घेतलं. तुम्ही धावत येऊ नका, गुडघे सांभाळा.

जेवताना कृतिका मला जपानी ॲनिमे दाखवते. कार्टून म्हटलं की चिडते. हिंदीत बोलतात, म्हणून कळतं. त्यात एक आजी मरते आणि घरचे तिचा आवाज यंत्रात भरून तिला पुन्हा बोलती करतात. तिची रिकामी खाट बघत नातू रडत बसतो, ते इतकं खरं दाखवलंय की मी हातातला घास परत ताटात ठेवला. पण ती यंत्रातली आजी एकदाही कुणावर खेकसत नाही! असली कसली आजी? आणि बटण दाबून माणूस परत येणार असेल, तर त्या पोराने रडायचं कशाला?

तेव्हापासून ही माझ्यासमोर मोबाईल धरते. "आजी, काहीतरी बोल ना."

म्हटलं, "शुक्रवारी बोलेन. शिव्यांसकट भरून घे."

आता लिहिताना नाक ओढतेय. लिही गं, तेही लिही.

पडवीची कौलं बसवलीत का? शेजारची रसिका डबा वेळेवर देते ना?

सहीच्या जागी अंगठा उठवलाय.

तुमची,
अनसूया

ता. क. गावातला धर्मेश इकडे येईल, त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ पाठवा. पुडी बांधू नका, मोठा डबा भरून द्या. मला बरेच दिवस पुरायला हवं.