आम्रपालीची घडी

३ फेब्रुवारी
बातमीसाठी रामाकोन्यात मुक्काम. सौंसरच्या बसमध्ये संत्र्यांच्या दोन क्रेटांमध्ये माझी प्रतिष्ठापना झाली होती; कंडक्टरने मला मालात धरलं नाही, हे उपकार. खोली सुचिताच्या घरात. तिच्या सात महिन्यांच्या आम्रपालीला घराण्यातून आलेला दुर्मिळ दचक-विकार आहे: अचानक आवाज झाला की अंगाचं लाकूड होतं, श्वास थांबतो. म्हणून भांड्यांना चिंध्या, दाराला कडी नाही, मागून हाक नाही. मी खोकलो, तर सुचिताच्या सासूबाई, शकुबाई, म्हणाल्या, भाऊ, खोकायचं असन तं आधी सांगत जा.

६ फेब्रुवारी
शकुबाईंनी ‘घडी’ शिकवली. पोर ताठलं की डोकं नि गुडघे पोटाशी दुमडून धरायचे, श्वास परततो. परतला की लगेच सोडायचं, नाहीतर छाती दबते. माझी घडी पाहून म्हणाल्या, धोतर घडी करून राहिले का, भाऊ?

८ फेब्रुवारी
संशोधन केंद्रात या विकारावर काम करणाऱ्या डॉ. गायत्रींना भेटलो. अंगाला आवर घालणारे मज्जातंतूंवरचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, या घराण्यात जन्मतःच दुबळे. बाईंचं नवं संयुग तेच ग्राहक बंद करतं. मग निरोगी उंदीरही आम्रपालीसारखा ताठतो. आमच्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत विष शुद्ध करून औषध करतात, या जुन्या अभिमानावर, त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा त्या संयुगाचे दोन थेंब जिभेवर घेतले. बातमीदाराने आधी अनुभवावं, मग लिहावं.

९ फेब्रुवारी
चमचा पडला. मीही पडलो. पाय घसरला म्हणालो.

११ फेब्रुवारी
उतरत नाही. वाढतंय. कोंबडा आरवला नि हातातला कप मुठीत फुटला. मूठ उघडायला पाव तास. बाईंना फोनवर कबूल केलं. त्या म्हणाल्या, आत्ता दवाखाना गाठा, पोरीला हात लावू नका, सुचिताला सांगा. बसचा हॉर्न आठवला — गेलो नाही. सुचिताला सांगायची — लाज वाटली. उद्या.

१२ फेब्रुवारी, दुपार
सासू-सून पोरीला ठेवून संत्री तोडायला गेल्या. भाऊ आहेत ना घरी, म्हणाल्या. मी मान हलवली.

वेशीवर लग्नाचा डीजे.

सुचिता फोन उचलत नाही. पळावं तर दर ठोक्याला कोसळतो. दोघांच्या कानांत कापूस कोंबला —

ताठली. घडी केली. श्वास आला. पुन्हा ताठली.

मांडीवर आहे, डाव्या हाताच्या कवेत. उजव्याने लिहितोय, जो आत येईल त्याच्यासाठी — माझी बोटं मोडा, आधी तिला —

गल्लीत आले. फटाक्यांची माळ —

खाली ठेवली तर श्वास — धरली तर माझा हात —

श्वास आला. सोडतो. सुचिता, हात उघडत ना