वरचा सज्जा, म्हणजे पातेलं

मी, विजया बाबुराव ढोमणे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, मूळची वर्ध्याची, राहणार जानकीपुरम, लखनऊ, लिहून ठेवते की डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, आणि चहाशिवाय कोणी काही पाजलेलं नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर माझ्या नावावर आहे. हे माघात गेले. तेव्हापासून मला काही वाटत नाही, गोड ना खारट. लोक म्हणतात रडा. येत नाही तर काय करू? असो. सगळ्या खोल्या मुलगा उल्हास याला.

२. मागचं अंगण आणि त्यावरचा सज्जा नात क्षितिजा हिला, पूर्ण मालकीने. उल्हासला तिथे स्लॅब टाकून किरायेदार ठेवायचेत. ठेवू नयेत. कारण असं. क्षितिजा युनिव्हर्सिटीत स्पेनच्या चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकांवर अभ्यास करते. ती घरांमधल्या अंगणात होत. मग जहाजात बसून ती नाटकं मेक्सिकोला, पेरूला गेली. मी विचारलं, येताना काय आणलं? म्हणाली, "आजी, टमाटर. मिर्ची भी उधर की है." म्हणजे आपला ठेचासुद्धा तिकडचा! हे असते तर सांगितलं असतं.

स्पेनच्या त्या अंगणांत बायकांना बसायला वेगळा सज्जा असे. नाव 'कासुएला', म्हणजे पातेलं. बायका ठासून भरलेल्या, खालच्यांवर सालं फेकणाऱ्या. तेव्हापासून आमच्या घरी सज्ज्याला पातेलंच म्हणतात. मार्चमध्ये तिच्या मंडळीने तसलं एक नाटक हिंदीत अंगणात केलं. मुलगी मर्दाच्या वेषात जहाजाने लिमाला जाते, पळालेला नवरा शोधायला. शेजारच्या विभाताई आणि मी वरून शेंगांची टरफलं टाकली. मी मोठ्यांदा हसले. आवाज परक्याचा वाटला. हे गेल्यावर तेवढं एकच.

३. खुलासा. मी "पातेलं क्षितिजाला" म्हणाले, तर वकील धनंजय यांनी कच्च्या कागदावर ते भांड्यांत लिहिलं आणि सज्जा उल्हासकडे गेला. सून विनया विचारते, "आई, कोणतं? दुधाचं?" म्हणून हे माझ्या हाताने लिहिते. पातेलं म्हणजे सज्जा. खरी भांडी सगळी विनयाला.

४. शिलाई मशीन क्षितिजाला. नाटकाच्या विजारी त्यावरच शिवल्या. नणंद उत्कर्षा हिला काही नाही. माझ्या लग्नात ती चारचौघांत "चौथी पास" म्हणाली होती. आता राग येत नाही, नुसतं आठवतं. तरी काही नाही.

५. उल्हासने हे आत्ता वाचलं. म्हणाला, "आई, मी भांडणार नाही. पण मला अंगणात काहीच नाही?"
मी म्हटलं, "आहे ना. तिकडे पुरुष खाली उभे राहून बघत. तू उभा राहा."
"आणि पाऊस आला तर? ऊपर छत तो है नहीं."
"भिजायचं."
त्याने मग क्षितिजाला हाक मारून विचारलं, "अगला नाटक कब है?"

हे मी वाचलं, साक्षीदारांसमोर सही केली. चुका तशाच राहू द्याव्यात.

विजया बाबुराव ढोमणे

साक्षीदार:
१. विभा गोपीनाथ साठवणे, शेजारी
२. धनंजय बोरकुटे, वकील

जानकीपुरम, लखनऊ
१४ जून २०२५