उजवा कान

३ जाने.
उजवा कान सुजलाय. काल कुस्तीच्या सरावात जोडीदार स्वातीचं डोकं आदळलं. हात लावला की गरम, आत पाणी भरल्यागत. वस्ताद खूश! "कान मोडला, आता झालीस की पैलवान!" चुलतभाऊ विक्यादादाचे दोन्ही कान मोडलेत, पेठेतली पोरं त्याच्यासंगं फोटो काढतात. मी ओढणी गुंडाळून घरी आले. लई भ्या वाटतंय.

५ जाने.
डॉ.नी सुई घालून रक्त काढलं, पट्टी बांधली. "मॅट बंद. परत मार बसला तर कान असाच गोळा होऊन बसेल." जन्मभर. आणि शनिवारी राज्य स्पर्धेची निवड.
आई निवडीचं बोललीच नाही. "रविवारी जयसिंगपूरचं पावणं येत्यात बघायला. केस मोकळं सोड, कान झाकंल."

७ जाने.
जयसिंगपूरच्या पावण्यांचा फोन. मुलाची आई स्वतःच्या हातानं माझ्या कानात मोत्याच्या कुड्या घालणार, त्यांच्यात तशी रीत. म्हणजे केस बाजूला सारणार, कान बघणारच. आईनं तिची कुडी माझ्या कानाला लावून बघितली. मी ओरडले.
मागं आत्या म्हणली होती, "खांदं बघ हिचं, बाप्यागत झाल्यात." तेव्हा हसले होते. आता आरशात आधी खांदे दिसतात, मग मान, मग कान. चेहरा शेवटी. ह्याच खांद्यांनी स्वातीला उचलून टाकत होते ना मी?

८ जाने.
न सांगता तालमीत. स्वातीनं नुसती मान धरली आणि माझा हात कानावर. चितपट. परत तेच. वस्ताद भडकले, "कान धरून कुस्ती हुती व्हय गं?"
ह्यांना काय जातंय! विक्यादादानं लग्नात फेट्याबाहेर कान काढून फोटो काढलेत. त्याला कुणी नाकारलं? कसला राग आलाय. रागापेक्षा भीतीच जास्त.

१० जाने., शनि.
निवडीच्या मैदानावर बसलेय. पट्टी सोडून पिशवीत ठेवली. आईला सांगून आले. "जा. पण कान..." डबा दिला.
समोरची कुरुंदवाडची. दोन्ही कान मोडलेले, वर केस घट्ट बांधलेले. काही झाकलेलं नाही. मी सारखी तिकडंच बघतेय. किळस आली मला. तिची. मग माझीच, की असं वाटलंच कसं.
तिनं बघितलं, हसली. मला हसता आलं नाही.
उद्या ह्याच वेळेला पावणं...
नाव पुकारलं. हात कानावरच हाय.