मधल्या खोलीतली पोवळी

बाबा, मधल्या खोलीत तुम्ही जगवलेल्या त्या पोवळ्यांबद्दल आपण तिघांनी नंतर कधी अवाक्षर काढलं नाही. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे माहीत असलेल्या आम्ही दोघीच उरलो आहोत, मी आणि आई, आणि आईचं हल्ली काही धरता येत नाही. कधी ती मला मुलगी म्हणून ओळखते, कधी शेजारीण म्हणून. तिच्यासोबत हे सगळं विरून जाण्याआधी एकदा तुम्हाला सांगावंसं वाटतं. तुम्ही तिथे होतातच, तरी सांगते. एकाच खोलीत असून आपण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या असणार.

माझ्या पाठचं ते बाळ गेलं त्या वर्षीची गोष्ट. बनारसला दूधविनायकच्या आपल्या गलीत तेव्हा नुकत्याच केबलच्या वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबायला लागल्या होत्या. बारसं व्हायच्या आतच ते गेलं. इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, गंगेत सोडतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून, छातीशी धरून रामघाटाच्या पायऱ्या उतरलात. आईला कुणी येऊ दिलं नाही. ती दाराच्या कडीला धरून उभी होती. तुम्ही परत आलात तेव्हा तुमचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि आई तुमच्या हातांकडेच बघत होती. त्यानंतर ती मधल्या खोलीत आली नाही. बाळ तिथे जन्मलं होतं, तिथेच गेलं होतं.

तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचात. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी त्याच खोलीत आधीपासून होती, तिच्यात दोन-चार मासे आणि दगड. कलकत्त्याहून यायचं ते समुद्राचं मीठ तुम्ही बॅटरीवाल्याकडच्या शुद्ध पाण्यात कालवायचात, आणि मला ते पीठ मळण्यासारखं वाटायचं. दक्षिणेत समुद्रकाठी नोकरी करणारा तुमचा मित्र त्या उन्हाळ्यात लग्नाला म्हणून बनारसला आला आणि बर्फाच्या डब्यात ठेवलेल्या पाण्याच्या पिशवीतून तुमच्यासाठी मऊ पोवळी घेऊन आला, म्हणजे दगडाला धरून वाढणारे समुद्रातले जीव. तुम्ही पिशवी वर धरलीत तेव्हा मी म्हणाले, "बाबा, ये तो मर गए." पिशवीत एक सुरकुतलेली, कातड्यासारखी छत्री होती आणि एक राखाडी, चिकट गोळा. पिशवी उघडल्यावर असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी वरून विचारलं, "काय सडलंय हो?"

"मेलेली नाहीत, घाबरलेली आहेत," तुम्ही म्हणालात. "त्यांना घाई करायची नाही."

त्या दुपारी मी तुमच्याजवळ बसून होते. तुम्ही पिशवी टाकीत तरंगत ठेवलीत, पाण्याची ऊब सारखी होऊ दिलीत. मग सलाइनच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी त्यांच्यावर थेंब थेंब सोडलंत. बाळाला परत घरी आणण्याआधी दवाखान्यात लावलेली नळी अशीच होती. ते माझ्या मनात आलं, तसं तुमच्याही आलं असणार, कारण तुम्ही मध्येच उठून गच्चीवर गेलात आणि बऱ्याच वेळाने खाली आलात. त्या गोळ्याला दगड धरवेना, म्हणून आईच्या जुन्या मलमलच्या पातळाचा तुकडा घेऊन तुम्ही तो दगडावर अलगद बांधलात. ट्यूबलाइटला कापड लावून उजेड मंद केलात. दोन्ही दगड तळाशी, जिथे पाण्याचा जोर कमी, तिथे ठेवलेत. मला बजावलंत, "हात लावायचा नाही, जागा बदलायची नाही. अंग आक्रसतील, साल टाकतील, रुसून बसतील. बसू दे. नव्या पाण्यात आपलं कोण हे त्यांना कळायला वेळ लागतो."

छत्रीवर मेणासारखी साय धरली, ती सोलून निघाली, आणि एका सकाळी तिच्यावर बारीक फुलोरा उभा राहिला. राखाडी गोळा मात्र तसाच. तुम्ही रोज थोडं पाणी बदलत होतात, उन्हाच्या काहिलीत बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडत होतात, आणि त्याला काही फरक नव्हता. मग एका दुपारी बिजली गेली. पंप थांबला. आई पाणी प्यायला उठली असेल. अंधारात वाट चुकल्यासारखी ती मधल्या खोलीच्या उंबऱ्यात आली आणि थांबली. मी टाकीपाशीच होते. गलीतून झिरपणाऱ्या उजेडात त्या गोळ्यातून देठ वर आले, प्रत्येक देठाच्या टोकाला बोटं. ती बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. पाणी अगदी स्थिर होतं. त्या स्थिर पाण्यात पसाभर लहान लहान मुठी आपल्या आपण उघडत-मिटत होत्या.

आई आत आली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. टाकीसमोर जमिनीवर बसली आणि तिने मला विचारलं, "कुणाला बोलावतंय गं?"

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा उतरला. "ही जातच तशी आहे," तुम्ही म्हणालात. "का हलतात ते नक्की कुणाला सांगता आलेलं नाही." तुम्ही ते शिकवतानाच्या आवाजात म्हणालात, पण टाकीकडे बघून नाही.

नंतरचं मी कुणाला सांगितलं नाही, कारण खरं वाटलं नसतं. आई खोलीत असली की मुठी हलायच्या. ती न्हायला गेली की मंदावायच्या आणि थांबायच्या. मी दारं उघडून बघितली, लावून बघितली, आईच्या जागी स्वतः बसून बघितलं. माझ्यासाठी त्या हलल्या नाहीत. तुम्ही म्हणाला होतात की असली पोवळी उजेडाकडे सरकत वाढतात. ही मात्र उजेडाकडे पाठ फिरवून, दगड उतरून, आईची सतरंजी होती त्या अंधाऱ्या काचेकडे आली. तुम्ही दगड फिरवून ठेवलात. थोड्या दिवसांनी ती पुन्हा त्याच काचेवर होती, आतून चिकटलेली. तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं. आपण जेवायला बसलो आणि कैरीच्या लोणच्याबद्दल बोललो.

आई तिथेच जेवायला लागली, तिथेच झोपायला लागली. मी पाय वाजवला तर म्हणायची, "हळू, दचकेल." बिजली गेली की ती पळी घेऊन पाणी ढवळत बसायची, घाम पुसायलाही थांबायची नाही. तिच्या अंगाला तो खारट वास यायला लागला. मला माझ्या आईची भीती वाटायला लागली, बाबा. तुम्हालाही वाटत होती. एका संध्याकाळी तुम्ही बादली घेऊन आलात आणि म्हणालात, "अगं, पुरे झालं. मी हे कॉलेजात नेऊन ठेवतो."

आई उठलीसुद्धा नाही. "एकदा नेलंत ना," ती म्हणाली. "आता परत?"

तुम्ही बादली तिथेच ठेवून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलात. तुम्हाला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

आणि मग ती मुठींची पोवळी आपली आपण गेली. कुणी काही केलं नव्हतं. पाणी तेच, ऊब तीच, छत्री शेजारी फुललेली. सकाळी बघितलं तर काचेवर नुसता धुरकट शेवाळासारखा लगदा उरला होता. अशी ती कधी कधी एकाएकी विरघळतात, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. तेव्हा आपण दोघं दारात उभे होतो आणि आई टाकीकडे चालली होती. तिने बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. दगड चाचपला, काच चाचपली. हात बाहेर काढला, हुंगला, आणि ओल्या हाताने तुमच्याकडे वळली.

"अहो, कुठे सोडलंत ते दाखवा मला."

आपण तिघं रामघाटावरून नावेत बसलो. गंगा आटलेली होती, पलीकडे वाळू तापून पांढरी पडली होती. मल्लाह नाव वल्हवत होता. प्रवाहाच्या मधोमध तुम्ही हात वर केलात आणि त्याने वल्हं थांबवलं. आई पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुठी उघड्या होत्या की मिटलेल्या?"

"मिटलेल्या," तुम्ही लगेच म्हणालात. "घट्ट. झोपल्यासारख्या."

"बरं," आई म्हणाली, आणि नाव वळवायला सांगितली. घरी आल्यावर तिने न्हाऊन पिठलं-भात केला. तिच्या हातचं जेवून किती दिवस झाले होते. टाकी तुम्ही हळूहळू रिकामी केलीत.

तुम्ही आजारी होतात त्या हिवाळ्यात, आई देवळात गेलेली असताना, तुम्ही मला एवढंच सांगितलंत की बाळाभोवतीचं कापड तुम्ही उघडून बघितलंच नव्हतं. उघडायचा धीर झाला नाही. मुठी कशा होत्या हे तुम्हाला माहीत नव्हतं. आणि आणखी एक. वल्हं थांबवलंत ती जागाही तुम्ही अंदाजानेच दाखवली होती, कारण बाळाला सोडताना तुम्ही डोळे मिटून घेतले होते.

हे पत्र कुठे टाकायचं मला सुचत नाही. इथे जवळपास नदीही नाही. कपाटात राहील. गेल्या आठवड्यात मी आईचे केस विंचरत होते तेव्हा तिने मला तुम्ही समजून विचारलं, "अहो, मुठी कशा होत्या?" आणि मी तुमच्याच आवाजात म्हणाले, "मिटलेल्या." मग मला दिसलं की तिच्या मांडीवरच्या हाताची बोटं सावकाश उघडतायत, मिटतायत. मी फणी खाली ठेवली आणि तिच्याजवळ न थांबता खोलीबाहेर आले.