खिडकी मिटल्यावर उरलेलं

४ डिसेंबर

गेलं! कार्निव्हलसाठी लिहितेय त्या निरोपाच्या गाण्याचं तिसरं कडवं गेलं! तिथून कापलं, सेव्ह केलं, खिडकी मिटली, दुसरीकडे चिकटवायला जाते तो काय — काहीच नाही. क्लबातल्या संगणकावरच्या या लिनक्सची हीच खोड. ज्या खिडकीतून मजकूर उचलला ती मिटली, की उचललेलाही गेला.

ढोलवाला ताबारे हसतो वर. "नेल्बाबाई, मशीन तुझ्यासारखंच. पाठ फिरली की विसरलं!" मेला!

५ डिसेंबर

ताबारेने एक छोटा प्रोग्राम बसवून दिला. आता कॉपी केलेलं सगळं एका यादीत राहतं, खिडकी मिटली तरी. वीस वर्षं आमच्या मेळ्यात ढोल वाजवतोय, आणि संगणकातलं क्लबात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

कडवं पुन्हा लिहिलं. पहिल्यापेक्षा बरं झालं! बाबा कामाला होते त्या कत्तलखान्याचा भोंगा त्यात आला. असं गाणं मला पुन्हा जमणार नाही.

९ डिसेंबर

 सकाळी यादी उघडली. त्यात माझं अख्खं गाणं — आणि मी ते कॉपी केलेलंच नाही! वर दोन ओळी: "गाणं सोबत जोडलंय. कुणी पाठवलं ते तिला कळता कामा नये."

कार्निव्हलला सात आठवडे. रस्त्यापलीकडचा, आमच्याशी चुरस असलेला समोरचा मेळा ते आधी गायला तर नक्कल आम्हीच केली असं ठरणार. संगणकाच्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी ताबारेकडे.

ताबारे!

१० डिसेंबर

तालमीत सगळ्यांसमोर विचारलं. तो लालबुंद.

"चोरी करायची असती तर हे लक्षात ठेवणारं यंत्र मीच बसवलं असतं का गं?"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"महिनाभर थांब. कळेल तुला."

"महिन्याभरात ते रस्त्यावर गातील!"

दिग्दर्शक एबेर मधे पडला. "अगं, माणूस घरचा आहे..." मी म्हटलं, तो तरी राहील नाहीतर मी. ताबारेने गळ्यातला ढोल उतरवला, बाकावर किल्ली ठेवली आणि गेला.

११ डिसेंबर

गाणं रद्द केलं. फुटलेलं कसं गायचं? खूप रडले.

२० डिसेंबर

नवं लिहिलं. यमकं जुळतात, एवढंच. एबेर म्हणतो, "चालेल." चालेल!!

७ जानेवारी

बाजारात ताबारेची बायको भेटली, सुलेमा. टोमॅटो निवडता निवडता म्हणाली, "समोरचे रोज बोलवायला येतात त्याला. हा जात नाही. तुझ्या निरोपाची वाट बघतोय, गाढव!"

मी म्हटलं, "जा म्हणावं. तिथलाच आहे तो."

घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

१० जानेवारी

गीतकार संघाचं पत्र आलं. त्यांच्या स्पर्धेत माझ्या गाण्याला पहिलं बक्षीस! त्याच, रद्द केलेल्या. "आपल्या वतीने प्रवेशिका एका मित्राने पाठवली. निकालापर्यंत आपल्याला कळू नये, अशी त्याची विनंती होती."

चपला न घालताच ताबारेच्या घरी पळाले. सुलेमा दारातच उभी.

"काल गेला तो समोरच्यांकडे," म्हणाली. "तुझा निरोप पोचवला मी."